सहाचा पाढा

चाळीसेक मिनिटांचा अल्बम ऐकायला किती वेळ लागतो? या प्रश्नाला तुम्ही 'चाळीसेक मिनिटं' असं उत्तर दिलंत, तर तुमच्या ओळखीत एकही जाणकार श्रोता नाही असं मी खुशाल समजेन. आणि तुमचा हेवाही करीन.

माझ्या ओळखीत चार आहेत. चौघेही इंग्रज, चौघेही एसेक्सचे आणि चौघेही डेपेश मोडचे भक्त. डेपेश मोड हा बॅसिल्डनचा बँड. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या माणसांची राहायची सोय म्हणून सरकारने एसेक्सात जी नवी गावं वसवली, त्यातलं हे एक. थोडक्यात, तिथल्या सिडकोचं काम. बॅसिल्डनने जगाला काय दिलं असं विचारलं की गावकरी चटकन 'डेपेश मोड' म्हणतात आणि दुसरं नाव आठवायला बराच वेळ घेतात. नोकरीपायी मी या बाजूला राहायला आलो, तेव्हा मला बँडचं नुसतं नाव माहीत होतं. पुण्यात माझी मजल विविध भारतीपर्यंत. पण फेन्चर्च स्ट्रीटहून सुटणाऱ्या संध्याकाळच्या गाडीत रोज शेजारी बसणाऱ्या गृहस्थांशी हवामानाचा विषय एकदाचा संपला (संपतो, धीर धरावा लागतो) आणि त्यांनी विचारलं, "तुला 'अ ब्रोकन फ्रेम' कसा वाटतो?"

मी म्हटलं, "छान आहे."

ऐकलेला नव्हता. पण इंग्लंडात कशालाही छान म्हटलं की विषय मिटतो, असा माझा तोवरचा अनुभव.

"छान?" ते म्हणाले. "आधीच्या मानाने छान, की नंतरच्या मानाने?"

माझं स्टेशन यायला अजून बराच वेळ होता.

तर आधी काय आणि नंतर काय, हे सांगणं आलं. डेपेश मोडचा पहिला अल्बम १९८१चा, 'स्पीक अँड स्पेल'. गिटार नाही, ढोल नाही, सगळा सिंथेसायझरचा कारभार, आणि अकरापैकी नऊ गाणी एकट्या विन्स क्लार्कने लिहिलेली. अल्बम दहाव्या नंबरापर्यंत चढला. पोरं टीव्हीवर झळकली. आणि वर्ष संपता संपता विन्स म्हणाला, मी निघालो. मागे उरले तिघं: गाणारा डेव्ह गाहान, अँडी फ्लेचर आणि मार्टिन गोर. फ्लेचर आधी विम्याच्या ऑफिसात होता आणि मार्टिन बँकेत. म्हणजे विमा झाला, बँक झाली, फक्त गाणी लिहिणारा तेवढा नव्हता. मार्टिनची पहिल्या अल्बममध्ये दोन गाणी होती, त्यातलं एक बिनशब्दांचं. त्याच्या अंगावर आता अख्खा अल्बम आला. त्याने दहा गाणी उभी केली. त्यातली काही जुन्या वहीतली, शाळकरी वयातली. १९८२च्या सप्टेंबरात 'अ ब्रोकन फ्रेम' बाहेर आला तेव्हा मार्टिन एकवीस वर्षांचा होता आणि डेव्ह वीस. त्या वयात मी एम-थ्रीची एटीकेटी डोक्यावर घेऊन फिरत होतो.

पुढे हाच बँड मोठा झाला. १९८८ साली कॅलिफोर्नियात रोझ बोलच्या मैदानात साठ हजारांवर माणसं त्याला ऐकायला जमली, १९९०चा 'व्हायोलेटर' जगभर गाजला. साहजिकच १९८२चा अल्बम मध्ये सापडला. गेल्याचा शोक करणारे त्याच्याकडे पाठ करून बसतात आणि येणाऱ्याची वाट पाहणारे त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघतात. खुद्द बँडवाल्यांनीही पुढे त्याचं फारसं कौतुक केलं नाही. अशा अल्बमबद्दल खरं तर कोणाला काही मतच नसायला हवं. प्रत्यक्षात एसेक्समधल्या कुठल्याही पबमध्ये जाऊन नाव घ्या आणि बाजूला सरका.

गाडीतल्या गृहस्थांचा असा एक कंपूच होता. तो दर महिन्याला कोणाच्या तरी घरी जमून एक अल्बम 'नीट' ऐकतो. यथावकाश पाळी माझ्या घरी आली. बायको म्हणाली, "अरे, पण तुला त्यातलं काय कळतं?" म्हटलं, "कळायचं त्यांना आहे. आपण वडे द्यायचे." आई सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेली होती, त्यामुळे वड्यांची बाजू भक्कम होती.

चौघांची नावं मी सांगत नाही. मनातल्या मनात मी त्यांचं बारसं केलेलं आहे, तेच इथे चालवतो.

गाडीतले ते मूळपुरुष. साठीचे, जन्माने बॅसिल्डनचे. यांच्या मते बँड १९८१ साली संपला आणि त्यानंतर चाळीस वर्षं जे चाललं ती अफवा आहे. विन्सचा उल्लेख 'आमचा विन्स' असा करतात. आमचा विन्स यांना ओळखत असल्याचा पुरावा नाही. दुसरे त्रिकालज्ञानी. हे 'व्हायोलेटर' ऐकून भक्त झाले आणि मग मागे मागे जात १९८२पर्यंत पोचले, त्यामुळे यांना प्रत्येक सुरात आठ वर्षांनंतरचं काहीतरी ऐकू येतं. तिसरे प्रेसिंगवाले. यांना गाण्यापेक्षा तबकडी कुठल्या कारखान्यात छापली गेली यात रस. चौथे हिशेबनीस. बँडच्या पंधराही स्टुडिओ अल्बमांना यांनी गुण दिलेले आहेत, फोनवर तक्ता आहे. त्यात 'अ ब्रोकन फ्रेम' चौदावा. पंधरावा कोणता हे ते सांगत नाहीत, कारण एकदा सांगितलं होतं.

मंडळी सातला आली. मूळपुरुषांना बिअर घ्यायची असल्यामुळे गाडी चालवायला त्यांनी मुलीला आणलं होतं. ती चोविशीची, कानात काहीतरी घालून कोपऱ्यात बसली.

तबकडी लावायच्या आधी प्रेसिंगवाल्यांनी पिशवीतून एक छोटी पाणसळ काढली. गवंड्याकडे असते तीच. माझ्या टेबलावर ठेवून बुडबुडा बघितला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी घराचं बांधकाम स्वतः केल्यासारखा ओशाळलो. टेबलाच्या एका पायाखाली कागदाची घडी घातली. पुन्हा बुडबुडा. घडी काढून पातळ घडी. यात पंधरा मिनिटं गेली. तेवढ्यात त्रिकालज्ञानी सहज म्हणाले की न्यू वेव्ह बँडांच्या दुसऱ्या अल्बमांचं हे असंच असतं.

"न्यू वेव्ह?" मूळपुरुष म्हणाले. "हे सिंथ-पॉप आहे."

"सिंथ-पॉप न्यू वेव्हमध्येच येतं."

"न्यू वेव्हमध्ये गिटार असते."

"सगळ्यांच्यात नसते."

"मग ती न्यू वेव्ह नव्हे."

साडेसातला आईने वड्यांचा पहिला घाणा बाहेर पाठवला. सुई अजून तबकडीला टेकली नव्हती.

मग कव्हर निघालं. कव्हर मात्र खरोखर बघण्यासारखं आहे. गव्हाचं शेत, पीक कापणारी एकटी बाई आणि वर काळंभोर आभाळ. ब्रायन ग्रिफिनने काढलेला फोटो आहे, पण मी ते तैलचित्रच समजलो होतो. 'लाइफ' मासिकाने १९८० ते १९९० या दशकातल्या उत्कृष्ट छायाचित्रांचा अंक काढला तेव्हा हाच फोटो मुखपृष्ठावर घेतला. प्रेसिंगवाले म्हणाले, कव्हर अल्बमपेक्षा चांगलं आहे. हिशेबनीस म्हणाले, कव्हरचे गुण मी वेगळे धरलेले आहेत. आई हात पुसत आली, फोटो बघितला आणि म्हणाली, "एवढं आभाळ भरून आलंय आणि एकटी बाई शेतात? घरातले पुरुष कुठं गेले?"

मी भाषांतर केलं. मूळपुरुष गंभीर होऊन म्हणाले, "एक गेला. तेच तर मी सांगतोय."

पहिलं गाणं सुरू झालं, 'लीव्ह इन सायलेन्स'. गंभीर, संथ, पाठीमागे कोरस. मला आवडलं. तसं सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, तोच हिशेबनिसांनी हात वर केला. "अठरा."

"काय अठरा?"

"नंबर. हे सिंगल म्हणून अठराव्या नंबरापर्यंत गेलं. त्याआधीचं 'द मीनिंग ऑफ लव्ह' बारा. त्याच्याआधीचं 'सी यू' सहा."

सहा, बारा, अठरा. मला शाळा आठवली. अजून तीन सिंगलं काढली असती तर छत्तीसपर्यंत पाढा पाठ झाला असता. मी हे बोलून दाखवलं. इंग्लंडात पाढे बारापर्यंत असतात, विनोद कळायला हरकत नव्हती, पण कोणी हसलं नाही. हिशेबनिसांनी तेवढं फोनवर टिपून घेतलं.

"उतरतच गेले," मूळपुरुष समाधानाने म्हणाले.

"पण 'सी यू' सहावं," त्रिकालज्ञानी म्हणाले. "तुमच्या विन्सचं सगळ्यात वर गेलेलं या बँडमधलं गाणं आठवं होतं. म्हणजे तो गेल्यावर पहिलंच गाणं त्याच्यापेक्षा वर."

मूळपुरुषांनी वडा खाली ठेवला. "लोकांना विन्स गेलाय हे अजून कळलं नव्हतं."

चाळीसहून जास्त वर्षं पोटात ठेवलेला युक्तिवाद होता तो. आणि त्याला जोड म्हणून त्यांनी हुकमाचं पान टाकलं. बाहेर पडलेल्या विन्सने बॅसिल्डनच्याच अॅलिसन मॉयेटला घेऊन याझू काढलं, त्यांचं 'ओन्ली यू' त्याच १९८२ साली दुसऱ्या नंबरावर गेलं आणि अल्बमही दुसऱ्यावर. डेपेश मोडचा अल्बम आठवा. कंपनी तीच, म्यूट. स्टुडिओसुद्धा तोच ब्लॅकविंग, लंडनमधल्या एका जुन्या चर्चमधला. म्हणजे जो सोडून गेला तो लांब कुठे गेलाच नव्हता. त्याच दारातून येजा करत होता आणि वर जास्त मार्क मिळवत होता. हे ऐकून मला मार्टिनबद्दल फार वाटलं. आमच्या ऑफिसात राजीनामा दिलेला एक सहकारी पुढच्याच महिन्यात क्लायंट होऊन परत आला होता, त्याची आठवण झाली.

त्याहून जास्त वाटलं ते अॅलन वाइल्डरबद्दल. विन्सची जागा भरायला बँडने 'मेलडी मेकर'मध्ये निनावी जाहिरात दिली, अट एकवीस वर्षांच्या आतली. हा बावीसचा. वय चोरून लागला. कार्यक्रमांत वाजवायला घेतला, गावोगाव नेला आणि अल्बम करायची वेळ आली तेव्हा त्याला सांगितलं, तू नको, आमचं आम्ही करतो. विन्सशिवाय आपल्याला जमतं हे त्यांना जगाला दाखवायचं होतं. पुढे त्याला पक्का केला, पण अल्बम होऊन गेल्यावर.

"ही कॉन्ट्रॅक्टरची कहाणी आहे," मी म्हटलं. मीही कॉन्ट्रॅक्टवरच आहे. ऑफिसच्या ख्रिसमस जेवणाचं आमंत्रण मला 'जागा उरल्यास' असं येतं. मला यावर बरंच बोलायचं होतं. पण प्रेसिंगवाल्यांना दुसऱ्या आणि तिसऱ्या गाण्याच्या मधल्या खरखरीबद्दल बोलायचं होतं, आणि ते मोठ्याने बोलतात.

चौथं गाणं 'नथिंग टू फिअर'. यात शब्द नाहीत, नुसती वाद्यं, म्हणून निदान इथे मंडळी गप्प बसतील असा माझा अंदाज होता. बसलीही. त्रिकालज्ञानींनी डोळे मिटले. साधारण निम्म्यावर गाण्यात एक नवीन सूर घुसला. तार स्वरातला, ठरावीक अंतराने टोचणारा. टीं. टीं. टीं.

"ऐका," त्रिकालज्ञानी कुजबुजले. "ऐका हे. पुढचे सगळे कारखान्याचे, लोखंडाचे आवाज... त्यांचं बीज इथे आहे."

"माझ्या जर्मन कॉपीत हा आवाज नाही," प्रेसिंगवाले ताठ बसले. "ही कुठली प्रत आहे?"

"प्रत तुमचीच आहे," मी म्हटलं.

"विन्सने असला आवाज ठेवला नसता," मूळपुरुष म्हणाले.

हिशेबनिसांनी गाण्याचे गुण अर्ध्याने वाढवले.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायकोची हाक आली, "अरे, तो स्मोक अलार्म बंद कर आधी! आईंचं तेल तापलंय!" मी स्टुलावर चढून टॉवेलने वारा घातला. बीज विझलं. परत आलो तेव्हा त्रिकालज्ञानी म्हणत होते की अलार्म असो काहीही असो, तो त्या जागी शोभत होता. आणि खरं सांगतो, शोभत होता.

पहिली बाजू संपायला साडेनऊ वाजले. तबकडी उलटवण्याचा विधी झाला, पुन्हा पाणसळ, पुन्हा बुडबुडा. मधल्या काळात कागदी पिशवीवर हिरव्या चटणीचा एक थेंब पडलेला आढळला. कोणाचा ते आजपर्यंत निष्पन्न झालेलं नाही. प्रेसिंगवाल्यांनी तो ओल्या कापसाने टिपला, पिशवी दिव्यासमोर धरली आणि काही वेळ कोणाशीच बोलले नाहीत. त्या काळात दोन गाणी सलग ऐकून झाली. संध्याकाळचा तो उच्चांक.

मग लागलं 'अ फोटोग्राफ ऑफ यू'. आणि चमत्कार झाला. चौघांचं एकमत झालं. गाणं वाईट आहे. मूळपुरुष म्हणाले, ही विन्सची नक्कल. त्रिकालज्ञानी म्हणाले, हिला भविष्य नाही. प्रेसिंगवाले म्हणाले, कुठल्याही देशाच्या प्रतीत हे वाईटच वाजतं. हिशेबनिसांनी नुसता फोन फिरवून दाखवला. आकडा मला वाचता आला नाही, इतका लहान होता. चौघे एकमेकांना टाळ्या द्यायचेच बाकी राहिले. एकोपा असा दाटून आला असताना स्वयंपाकघरातून गुणगुणणं ऐकू आलं. तीच चाल. आई शेवटचा घाणा काढता काढता त्या गाण्यामागे चालली होती, अगदी बिनचूक, वर एक मुरकी स्वतःची घालून.

चौघे थिजले.

"त्यांना हे आवडलं?" मूळपुरुषांनी विचारलं.

मी आत जाऊन विचारून आलो. आई म्हणाली, "लगेच पाठ होतं. बाकीची सगळी कसली रे कण्हल्यासारखी? आणि त्यांना विचार, अजून एकेक घेणार का."

मी बाहेर येऊन वड्यांपुरतं भाषांतर केलं.

"पाठ होणं हा गुण नव्हे," हिशेबनीस वडा घेत म्हणाले.

तेव्हा कोपऱ्यातली मुलगी पहिल्यांदा बोलली. "मला पण हे आवडतं. हा त्यांचा नवा अल्बम आहे ना?"

असली शांतता त्या घरात मी भाडं वाढल्याच्या पत्रानंतरही अनुभवली नाही. तिच्या वडिलांनी बिअरचा ग्लास दोन्ही हातांनी धरला. चौकशीअंती कळलं ते असं: फोनवर 'व्हायोलेटर'मधलं काहीतरी ऐकत असताना त्याच्यामागून आपोआप 'सी यू' लागलं, मग 'द सन अँड द रेनफॉल', मग २०२३च्या अल्बममधलं काहीतरी. तिला वाटलं, बँड तोच, आवाज वेगवेगळे, असेल मूड.

"पण क्रम?" त्रिकालज्ञानी कासावीस झाले. "कशानंतर काय आलं, हे माहीत नसताना तू ऐकतेस कशी?"

"कानाने," ती म्हणाली.

"तिला माफ करा," मूळपुरुष आम्हाला म्हणाले.

मी तिच्याकडे बघून मान डोलावली, पण हळूच. मला अजून रोज त्याच गाडीने जायचं असतं.

शेवटचं गाणं 'द सन अँड द रेनफॉल'. ते मात्र मंडळींनी मध्ये न बोलता ऐकलं. निदान निम्मं. त्रिकालज्ञानींच्या मते पुढचा सगळा डेपेश मोड या एका गाण्यात आहे. मूळपुरुषांनीही कबूल केलं की हे बरं आहे, आणि लगेच सावरून घेतलं की बरं आहे याचा अर्थ विन्स असता तर आणखी बरं झालं असतं. प्रेसिंगवाल्यांनी सुई उचलली. साडेदहा वाजले होते. हिशेबनिसांनी तक्ता बंद केला आणि माझ्याकडे वळून प्रेमाने विचारलं, "तुझं मत राहिलंच की. आता ऐकलास ना नीट. कसा वाटला?"

मी म्हटलं, "छान आहे."

"आधीच्या मानाने, की..."

"वडे गार होतायत," मी म्हटलं.

निरोपाला इंग्रज माणूस दाराबाहेर पटकन पडतो असा माझा समज होता. तो एका माणसापुरता खरा आहे; चौघे असले की ते थेट आपल्यासारखे, बूट घालून झाल्यावर खऱ्या गप्पा सुरू करतात. बारीक पाऊस लागला होता. पुढच्या महिन्यात पाळी हिशेबनिसांकडे, अल्बम १९८३चा, 'कन्स्ट्रक्शन टाइम अगेन', म्हणजे ज्याच्यासाठी या लोकांनी लंडनमधल्या बांधकामाच्या जागी जाऊन ठोकाठोकीचे आवाज टिपून आणले होते तो.

"तो खरा स्थित्यंतराचा अल्बम," त्रिकालज्ञानी छत्री उघडत म्हणाले.

"म्हणजे?" मूळपुरुष पायरीवर थांबले. "मग आज ऐकला तो कसला?"

"तो त्याच्या आधीचा."

"आणि १९८४चा?" हिशेबनिसांनी फोन पुन्हा बाहेर काढला. "त्यालाही मी स्थित्यंतराचे अर्धे गुण दिलेत."

मूळपुरुषांनी एक बूट काढला. मग दुसरा. प्रेसिंगवाले पिशवीत पाणसळ चाचपू लागले. गाडीत बसलेल्या मुलीने इंजिन बंद केलं.

आतून आई म्हणाली, "थांबतायत का? मग पोहे भिजवते."